थांबलं की पाखरं परत यावीत: सेन्सर आणि प्रोग्रॅमिंग कुठून शिकायला घेऊ?

कवडसा

नमस्कार. मी गेली १५ वर्षं कोळशाने चित्रं काढते. प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही. शाळेत बॅटरी आणि बल्ब जोडला होता, विजेशी तेवढीच ओळख.

बरेच महिने एक कल्पना डोक्यात घोळतेय. मोठ्या भिंतीवर प्रोजेक्टरने तारेवर बसलेली पाखरं दाखवायची, मीच काढलेली. कुणी भराभर चालत आलं की ती भुर्रकन उडून जावीत. तो माणूस थांबला, अगदी निश्चल उभा राहिला, की एकेक करत परत येऊन बसावीत. बस, एवढंच.

शोधायला गेले तर जो तो वेगळं साधन सांगतो. आर्डुइनो, प्रोसेसिंग, टचडिझायनर, मॅक्स, पायथन. कुणाकडून करून घ्यायचं नाहीये, स्वतः शिकायचंय. पाखरू किती दचकेल आणि परत यायला किती वेळ घेईल हे माझ्याच हातात हवं. पहिलं पाऊल कोणतं टाकू?

पाचव्होल्ट

कवडसाताई, तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून फार बरं वाटलं. हेच शिकायचं असतं, बाकी सगळं त्याच्या ओघात येतं.

माझा सल्ला: अजून काहीही विकत घेऊ नका. पहिला सेन्सर तुमच्याकडे आहे, तो म्हणजे माउस. ब्राउझरमध्ये पी५.जेएसचा एडिटर उघडा आणि एकच पाखरू काढा, साधा गोल चालेल. माउस वेगाने जवळ आला की गोल पळाला पाहिजे, माउस थांबला की परत आला पाहिजे. माउसचा वेग म्हणजे आत्ताची जागा आणि मागच्या फ्रेममधली, म्हणजे लगेच आधीच्या चित्रातली, जागा यांतला फरक. हे जमलं की तुमच्या कलाकृतीचं निम्मं काम झालं. पुढे माउसच्या जागी माणूस येईल आणि आकडा दुसरीकडून मिळेल, पण पाखराचं वागणं तेच राहील.

पी५ हे प्रोसेसिंगचं ब्राउझरमधलं भावंड. प्रोसेसिंग २००१ साली केसी रियास आणि बेन फ्राय यांनी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये सुरू केलं, तेच मुळी चित्रकार आणि डिझायनर लोकांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. त्यात प्रोग्रॅमला ‘स्केच’ म्हणतात आणि ते ठेवायच्या फोल्डरला ‘स्केचबुक’. तुम्हाला हे घर परकं वाटणार नाही.

जुना खिळा

पाचव्होल्टशी थोडी असहमती नोंदवतो.

माउसपासून सुरुवात केली की माणूस पडद्यातच अडकतो. मी अनेकांना शिकवलंय. ज्यांनी आधी हातात तार धरली त्यांची भीती पहिल्याच संध्याकाळी गेली. एक आर्डुइनो ऊनो (सेन्सर जोडून प्रोग्रॅम चालवता येतो असा छोटा बोर्ड), एक प्रकाश-सेन्सर म्हणजे एलडीआर, १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायची पाटी, घ्या. एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं टोक रेझिस्टरमधून ग्राउंडला, आणि दोघांच्या मधल्या जोडावरून एक तार ए० या पिनला. आता संगणकावर सिरीयल मॉनिटर, म्हणजे बोर्डाकडून येणारे आकडे दाखवणारी खिडकी, उघडा आणि सेन्सरवर हाताची सावली पाडा. ० ते १०२३ यांच्या मधले आकडे तुमच्या हाताबरोबर खाली-वर होताना दिसतील. आपल्या सावलीचा आकडा होताना बघणं हा अनुभव माउस देत नाही.

हा बोर्डही अशाच गरजेतून आला. इटलीतल्या इव्रेया इथल्या इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये ‘वायरिंग’ केलं, आणि त्याच पायावर २००५ मध्ये तिथेच आर्डुइनो उभं राहिलं. बार्रागानचं नाव बरेचदा गाळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

निळीशाई

टचडिझायनर बघा ना. कोड लिहावा लागत नाही, पडद्यावरचे ठोकळे तारांनी जोडत जायचं. बिगर-व्यावसायिक वापराला फुकट आहे, फक्त चित्राला १२८० बाय १२८० पिक्सेलची मर्यादा पडते.

पाचव्होल्ट

निळीशाई, साधन उत्तम आहे, मीही वापरतो. पण ज्यांना ‘पाखरू किती दचकेल’ हे स्वतः ठरवायचंय त्यांनी एकदा तरी ते वाक्य स्वतः लिहून पाहावं असं मला वाटतं.

जुना खिळा, तुमचं पटलं. दोन्ही करू देत. सकाळी माउस, संध्याकाळी सावली.

कवडसा

तीन आठवड्यांनी येतेय. दोन्ही केलं!

गोलाच्या जागी आता खरं पाखरू आहे. एका उड्डाणाची ८ चित्रं काढली, स्कॅन केली आणि ती क्रमाने दाखवली. पहिल्यांदा पंख हलले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आजवर इतकी पाखरं काढली, हललं एकही नव्हतं.

तारेवर बसल्यावर ती जरा मान वळवतात, अंग झटकतात, त्यासाठी रँडम वापरलं, म्हणजे दर वेळी कुठलाही आकडा. पण ती झटके आल्यासारखी हलतात. आणि दुसरी, मोठी अडचण. मी पीआयआर सेन्सर आणला, माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असतो तो. त्याच्यासमोर चालले की पाखरं उडतात, हे बरोबर. मी थांबले की परत येतात, हेही बरोबर. पण मी खोलीतून निघून गेले तरी येतात! पाखरांना मी थांबले काय आणि गेले काय, सारखंच. मग कल्पनेत अर्थच उरत नाही.

जुना खिळा

अगदी नेमकं पकडलंत. पीआयआर माणूस ‘बघत’ नाही. त्याच्या आत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण टिपणारे दोन भाग शेजारी शेजारी असतात आणि तो फक्त त्या दोघांतला फरक मोजतो. माणसाच्या अंगाची ऊब एका भागावरून दुसऱ्या भागावर सरकली की फरक पडतो. वरचं पांढरं खवल्यांचं झाकण हे फ्रेनेल भिंग, म्हणजे तुकड्यातुकड्यांचं पातळ भिंग आहे, ते समोरच्या जागेचे पट्टे पाडतं, त्यामुळे चालणारा माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो. निश्चल माणूस पट्टे ओलांडत नाही, म्हणजे त्याच्या लेखी तो नाहीच. शिवाय सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर तो उगाचच ‘कुणीतरी आहे’ म्हणतो, तेवढं त्याला स्थिरावू द्यावं लागतं.

तुमचा विषयच निश्चलपणा आहे. तेव्हा असा सेन्सर हवा की ज्याला थांबलेला माणूसही दिसतो. अंतर मोजणारा घ्या. अल्ट्रासॉनिक एचसी-एसआर०४ स्वस्त आहे आणि शिकायला चांगला. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते सांगतो. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटिमीटर. २ सेंटिमीटरपासून ४ मीटरपर्यंत चालतो, पण ४ मीटर हे सपाट भिंतीसाठी. माणसाला अडीच-तीन मीटर धरून चाला. लोकरीचे किंवा जाड मऊ कपडे आवाज गिळतात.

मग तीन अवस्था वेगळ्या करता येतील: समोर कुणी नाही, कुणी आहे आणि हलतंय, कुणी आहे आणि थांबलंय. कागदावर तीन वर्तुळं काढा आणि कशातून कशात कधी जायचं त्याचे बाण काढा. कोड त्यानंतर.

पाचव्होल्ट

झटक्यांवर उपाय: रँडमऐवजी नॉइज वापरा. रँडमच्या प्रत्येक आकड्याचा मागच्याशी काही संबंध नसतो. नॉइजमध्ये पुढचा आकडा मागच्याच्या आसपास असतो, म्हणून हालचाल वाहती होते. केन पर्लिन यांनी हे १९८३ मध्ये शोधलं. संगणकावरची चित्रं फार यांत्रिक दिसतात, ही खंत त्यामागे होती. १९९७ मध्ये त्यांना यासाठी ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

रिकामी चौकट

सेन्सरमधलं मला फारसं कळत नाही, मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे. पण हा धागा वाचताना एक कलाकृती सारखी आठवत होती, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एडवर्ड इह्नाटोविच या शिल्पकाराने ‘द सेन्स्टर’ नावाचं पोलादी नळ्यांचं एक भलंमोठं शिल्प केलं होतं, साधारण साडेचार मीटर लांब. ते १९७० ते १९७४ या काळात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एव्होल्युऑन या प्रदर्शन-इमारतीत होतं. त्याच्या ‘डोक्यावर’ मायक्रोफोन होते आणि हालचाल टिपणारं रडार होतं. मागे संगणक, त्या काळचा. कुणी हळू आवाजात बोललं की ते मान त्या दिशेला न्यायचं. कुणी ओरडलं किंवा जोरात हातवारे केले की मागे सरकायचं. नियम एवढेच. बघणाऱ्यांना मात्र ते जिवंत वाटायचं, लाजाळू वाटायचं. सांध्यांची रचना इह्नाटोविच यांनी लॉब्स्टरच्या नांगीवरून घेतली होती.

कवडसा, तुमची पाखरं या शिल्पाची नातवंडं आहेत. ‘बघणाऱ्याने शांत व्हावं’ ही मागणी आधीपासूनची आहे. नंतरच्या बऱ्याच कामांत बघणाऱ्याला उलट हालचालच करायला लावलेली दिसते. कॅमिल अटरबॅक आणि रोमी आचिटुव्ह यांच्या १९९९ च्या ‘टेक्स्ट रेन’मध्ये वरून पडणारी अक्षरं लोक हातांवर झेलतात. रफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६ च्या ‘पल्स रूम’मध्ये मात्र थांबावं लागतं. सेन्सरचे दांडे काही क्षण धरून ठेवले की तुमच्या हृदयाच्या ठोक्यावर एक दिवा उघडझाप करू लागतो, आणि सोडले की तो ठोका छतावरच्या दिव्यांच्या रांगेत पुढे सरकतो. तिथे माणसं आपोआप गप्प होतात.

कवडसा

चौकट, सेन्स्टरबद्दल वाचून अंगावर काटा आला. मनापासून आभार.

अल्ट्रासॉनिक जोडला. आर्डुइनोकडून संगणकाकडे आकडे जातात, त्यासाठी पी५ मधलं सगळं प्रोसेसिंगमध्ये नेलं. दोन दिवस संगणक ‘पोर्ट व्यस्त आहे’ एवढंच म्हणत होता (पोर्ट म्हणजे बोर्ड आणि संगणक यांच्यातली जोडणी). शेवटी कळलं की आर्डुइनोचा सिरीयल मॉनिटर उघडा राहिला होता. एका वेळी एकच प्रोग्रॅम त्या पोर्टशी बोलू शकतो. नवीन शिकणाऱ्यांसाठी लिहून ठेवते, माझे दोन दिवस गेले तसे तुमचे जाऊ नयेत.

आता अडचण अशी की मी पुतळ्यासारखी उभी असते आणि आकडा येतो १८२, १८३, १८१, ३९०, १८२, ०, १८३. त्या ३९० आणि ० ला पाखरं घाबरून उडतात. आणि उंबरठ्यावर, म्हणजे मी ‘हलतेय’ आणि ‘थांबलेय’ यांच्या मधोमध असले, की ती उडू की बसू अशी फडफडत राहतात.

पाचव्होल्ट

याला तीन चाळण्या लावायच्या, याच क्रमाने.

पहिली चाळणी खोट्या आकड्यांसाठी. शेवटची ५ रीडिंग ठेवा, लहान ते मोठी लावा आणि मधलं घ्या. ३९० आणि ० हे टोकाला जातात, मधे कधीच येत नाहीत. सरासरी घेऊ नका. सरासरीत एक खोटा आकडा बाकीच्या चौघांनाही आपल्याकडे ओढतो.

दुसरी चाळणी थरथरीसाठी. नवी किंमत = जुनी किंमत + ०.१ × (रीडिंग − जुनी किंमत). दर वेळी फरकाचा फक्त दहावा हिस्सा पुढे जायचं. इथे जरा रेंगाळा, कारण तो ०.१ तुमचा आहे. ०.५ केलात तर पाखरं चटकन दचकणारी होतील, ०.०२ केलात तर सुस्त, माणसाळलेली. आणि सगळ्या पाखरांना एकच आकडा कशाला? एखादं भित्रं, एखादं धीट. याद्वारे प्रत्येकाला स्वभाव देता येईल.

तिसरी चाळणी उंबरठ्यासाठी. एक नको, दोन उंबरठे ठेवा. हालचाल सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या वर गेली की उडायचं, पण १० च्या खाली येऊन काही सेकंद तिथेच राहिली तरच परतायचं. मधल्या पट्ट्यात आहे ते चालू द्यायचं. फडफड तिथेच थांबेल. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही जागेवर उभं राहून शोधा.

आणि आर्डुइनोच्या कोडमध्ये ‘डिले’, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबवणारी आज्ञा, असेल तर काढून टाका. डिले चालू असताना बोर्ड दुसरं काहीच करत नाही. ‘मिलिस’ने, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणाऱ्या आज्ञेने, वेळ बघा आणि ठरावीक वेळ उलटली की काम करा. संगणकाला सेकंदाला १५ रीडिंग पुरेत. वाचण्याच्या वेगापेक्षा जास्त पाठवलं तर ती रांगेत साचतात आणि पाखरं तुमच्या मागच्या क्षणाला दचकू लागतात.

अर्धवर्तुळ

वेबकॅम का नाही वापरत? मागची फ्रेम आणि आत्ताची फ्रेम यांतल्या पिक्सेलांचा फरक काढला की किती हालचाल आहे ते कळतं. बाजूने जाणारा माणूसही दिसतो. अल्ट्रासॉनिकला फक्त जवळ-दूर कळतं.

जुना खिळा

मुद्दा रास्त आहे, पण अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर असताना कॅमेऱ्याची एक मोठी गोची होते. पाखरं उडाली की भिंतीवरचा उजेड बदलतो, तो समोरच्या माणसावर पडतो, कॅमेऱ्याला वाटतं माणूस हलला, मग उरलेली पाखरं उडतात. स्वतःच्याच सावलीला घाबरल्यासारखं. त्यावर उपाय म्हणजे अवरक्त प्रकाशात बघणारा कॅमेरा, त्यासोबत अवरक्त दिवा आणि डोळ्यांना दिसणारा उजेड अडवणारा फिल्टर. प्रोजेक्टरच्या उजेडात अवरक्त फारसं नसतं, त्यामुळे कॅमेऱ्याला माणसं दिसतात, पाखरं दिसत नाहीत.

शिवाय कॅमेरा लावला की लोक आपण टिपले जातोय या जाणिवेने वागतात. लावलात तर प्रतिमा साठवत नाही हे दाराशी लिहा, आणि खरोखरच साठवू नका.

एक विनंती: सेन्सर कोणताही असो, लहान मूल आणि व्हीलचेअरवरची व्यक्ती त्याच्या टप्प्यात येते की नाही हे पाहा. माझ्या एका कामात सेन्सर उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर होता. एक मुलगी कितीतरी वेळ समोर उभी होती आणि काहीच घडलं नाही. तिचा चेहरा अजून आठवतो. दुसऱ्याच दिवशी मी तो ७० सेंटिमीटरवर आणला.

कवडसा

सेन्सर ७० वर आणला, तीन चाळण्या लावल्या, आणि काल पहिल्यांदा ११ जणांना बोलावून दाखवलं.

पाखरं हवी तशी वागली. माणसं नाही. एकही जण थांबला नाही! लोक आले, पाखरं उडाली, लोक हसले, मग हात हलवले, उड्या मारल्या, भिंत रिकामी राहिली, आणि ‘बंद पडलंय वाटतं’ म्हणून निघून गेले. तीन महिने ज्या क्षणासाठी काम केलं तो कुणी बघितलाच नाही. रात्रभर झोप लागली नाही.

रिकामी चौकट

रिकामी भिंत हेच कारण असावं. सगळी उडून गेली की बघणाऱ्याला वाट बघण्यासारखं काही उरत नाही. एखादं उडालंच नाही तर?

निळीशाई

आणि आवाज? भिंतीबाहेरून पंखांचा आवाज येत राहिला तर ती जवळपासच आहेत हे कळेल.

जुना खिळा

एक बाक ठेवा. भिंतीपासून दोन मीटरवर. बसलेला माणूस आपसूक थांबतो.

कवडसा

बाक ठेवला. एक पाखरू कायम तारेवर ठेवलं, ते फक्त मान वळवून बघतं. पंखांचा आवाज ठेवला, अगदी बारीक. पाटी लावली नाही.

आज ९ जण आले. पहिले दोघे बाकावर बसले, आपसात काहीतरी बोलत होते, भिंतीकडे लक्ष नव्हतं. पहिलं पाखरू परत आलं तेव्हा एकीने दुसऱ्याचा हात धरला आणि दोघंही गप्प झाले. मग दुसरं आलं, तिसरं आलं. तार भरली. ती दोघं त्यानंतर हललीच नाहीत, मी घड्याळ बघत होते, ६ मिनिटं.

पाखरं कधी उडायची आणि कधी परतायची, त्या कोडमधली एकही ओळ बदलली नव्हती. बाक हाही प्रोग्रॅमचाच भाग आहे हे आता कळतंय.

पाचव्होल्ट

वाचून डोळे भरून आले, ताई.

प्रदर्शनापूर्वी एवढं नक्की करा: सगळं सलग ८ तास चालू ठेवून बघा. वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू होऊन प्रोग्रॅम आपोआप उघडला पाहिजे, स्क्रीनसेव्हर आणि अपडेट बंद हवेत. साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. ब्रेडबोर्डवरच्या तारा लोकांच्या पावलांनी हलून निसटतात, त्या सोल्डर करून घ्या. आणि सेन्सरचं नाव, जोडणीचं चित्र, आकडे हे सगळं कागदावर लिहून ठेवा. २०१० साली किनेक्ट, माणसाची हालचाल ओळखणारा मायक्रोसॉफ्टचा कॅमेरा-सेन्सर, आला तेव्हा कितीतरी कलाकारांनी त्यावर कामं केली. पुढे त्याचं उत्पादन बंद झालं. पाखरं कशी वागतात ते मराठीत लिहिलेलं असेल तर उद्या दुसऱ्या सेन्सरवरही ती परत आणता येतील.

कवडसा

लिहून ठेवलं. एकच प्रश्न उरलाय. बाकावर एक जण शांत बसलाय आणि दुसरा दारातून घाईने आला, तर पाखरांनी कुणाचं ऐकायचं?

जुना खिळा

घाईने येणाऱ्याचं. खरी पाखरंही तेच करतात. पण बाकावरच्याच्या जवळची दोन-तीन थोडी उशिरा उडू द्या, त्याची त्यांना सवय झालेली असेल.

कवडसा

हो, उशिराच. म्हणजे दाराकडे दुसरा सेन्सर लागेल. दोन अल्ट्रासॉनिक एकाच खोलीत असले तर एकाचा आवाज दुसरा ऐकेल ना?

जुना खिळा

ऐकेल. आळीपाळीने बोलू द्या, दोघांमध्ये ६० मिलिसेकंद ठेवा. तेवढ्यात आधीचा प्रतिध्वनी विरून जातो.

कवडसा

आज रात्री जोडते.